मार्फत

'प्रॉक्सी' हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो हजेरीपटावर. बी.ए.ला असताना मागच्या बाकावरून कुणाच्या तरी नावाला भलत्याच कुणाचा तरी 'हजर' यायचा, आणि सर मान वर न करता खूण करून पुढे जायचे. त्याला 'प्रॉक्सी मारणं' म्हणत. पुढे मी स्वतः तीस-बत्तीस वर्षं हजेरी घेतली, आणि आवाजावरून चोर पकडण्यात माझा हातखंडा होता असं माझे विद्यार्थी अजूनही सांगतात. तर सांगायचं म्हणजे, हा शब्द माझ्या लेखी कायमचा लबाडीच्या खात्यात जमा होता. तो त्या खात्यातून काढायला मला एक विद्यार्थी लागला. तोही त्याच मागच्या बाकावरचा!

हा मुलगा (मुलगा कसला, आता पन्नाशीकडे झुकलाय) छत्रपती संभाजीनगरला एका महाविद्यालयात संगणकांची व्यवस्था बघतो. दरवर्षी नाथषष्ठीला पैठणला येतो, आमच्याकडे जेवतो, आणि जमलंच तर गर्दीतून मला नाथांच्या वाड्यात घेऊन जातो. २०२४ च्या षष्ठीला आम्ही दोघं त्या रांजणापाशी उभे होतो. ज्यांनी पैठण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. साक्षात श्रीकृष्ण श्रीखंड्या नावाचा गडी होऊन नाथांच्या घरी राहिला आणि त्यानं बारा वर्षं कावडीनं गोदावरीचं पाणी आणून तो रांजण भरला, अशी कथा आहे. षष्ठीच्या दिवसांत आजही भाविक त्यात पाणी ओततात. लोक कळशा घेऊन रांगेत उभे होते, आणि हा पठ्ठ्या माझ्या कानाशी म्हणतो, "बाई, तुम्ही विचारत होतात ना प्रॉक्सी सर्व्हर म्हणजे काय? हा काय, समोर आहे."

मी डोळे वटारले. पण नंतर घरी येऊन चहा घेताना त्यानं जे समजावलं, ते इतकं चपखल होतं की मला ते माझ्या वर्गात का सुचलं नाही याचा हेवा वाटला.

घरात माणसं दहा. प्रत्येकाला तहान लागली की प्रत्येकानं उठून नदीवर जायचं, असं कुणी करत नाही. एक जण नदीवर जातो, सगळ्यांसाठी पाणी आणतो, रांजणात साठवतो. घरातले रांजणाशी जातात. नदीला माहीत असतो तो फक्त कावडवाला. घरात प्यायला कोण बसलंय ते तिला कळत नाही. संगणकांचंही तसंच. कॉलेजातल्या दोनशे यंत्रांनी दोनशे वेळा बाहेरच्या जगात जाण्याऐवजी ती आपली मागणी एका मधल्या यंत्राला सांगतात. ते यंत्र बाहेर जाऊन पान आणतं, मागणाऱ्याला देतं, आणि एक प्रत स्वतःकडे ठेवतं. पुढच्यानं तेच मागितलं की रांजणातून काढून देतं. या मधल्याला म्हणायचं प्रॉक्सी. आपण ज्याला सरकारी भाषेत 'मार्फत' म्हणतो, तोच हा.

आमच्या काळी ही गोष्ट अगदी गरजेची होती. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, तेही टेलिफोनच्या तारेतून, कूं-कूं-खर्र आवाज करत. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत शाळेत संगणकांची खोली आली तेव्हा कोपऱ्यातल्या एका यंत्रावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी असे. सगळ्या खोलीचं इंटरनेट त्याच्या मार्फत चाले. ते बंद म्हणजे सगळंच बंद. मुलं त्याला 'मॉनिटर' म्हणत, वर्गाचा मॉनिटर असतो तसा. गंमत बघा, पडद्यालाही मॉनिटरच म्हणतात, त्यामुळे फार गोंधळ होई.

असल्या मधल्यांमध्ये एक जुना आणि नावाजलेला प्रोग्रॅम म्हणजे 'स्क्विड'. १९९६ मध्ये अमेरिकेत ड्वेन वेसल्स यांनी तो पुढे आणला. त्याआधीच्या 'हार्वेस्ट' नावाच्या संशोधन प्रकल्पातून तो निघाला, आणि सुरुवातीला तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचं अनुदान त्याला होतं. नावाची कथा मला फार आवडली. चांगली नावं सगळी आधीच संपली होती, कामापुरतं म्हणून एका समुद्री प्राण्याचं नाव ठेवलं, ते तसंच चिकटलं. (आमच्या घरात 'बाळ' नावाचे दोन साठीचे गृहस्थ आहेत, त्यामुळे मला हे लगेच पटलं.) अनुदान संपलं, पण स्क्विड राहिला. तो फुकट आहे, कुणीही घ्यावा. आपल्याकडच्या कॉलेजांतून, सायबर कॅफेंतून, कचेऱ्यांतून तो मुकाट्यानं राबला, आणि तुमच्या-माझ्यापैकी कुणालाही त्याचं नाव माहीत नव्हतं. चांगल्या गड्याचं असंच असतं.

आता मूळ विषयाकडे येते. हा गडी आजारी कसा पाडतात?

तुम्ही म्हणाल, सत्तरी ओलांडलेल्या मराठीच्या बाईंना कशाला या उठाठेवी. खरं आहे. पण पेन्शन, बँक, गॅस, डॉक्टरची वेळ, नातवाचं तोंड, सगळं आता त्या तारेतूनच येतं. आपण ज्याच्यावर विसंबतो त्याचं दुखणं काय, हे माहीत असावं. आणि दुसरं म्हणजे या दुखण्याच्या नावानंच मला डिवचलं. 'डिनायल ऑफ सर्व्हिस'. काही ठिकाणी त्याचं मराठी 'सेवा नाकारणे' असं केलेलं वाचलं. अहो, नाकारतंय कोण? नकार द्यायला इच्छा लागते. इथे त्या बिचाऱ्या यंत्राची सेवा करायची पूर्ण इच्छा आहे, नव्हे, इच्छा आहे म्हणूनच तर ते मरतं. 'सेवा खुंटवणे' म्हणा फार तर. पण माझं कोण ऐकतंय. असो.

यात चोरी नसते, हे आधी समजून घ्यायला हवं. कुणी काही पळवत नाही, कुणाचा पासवर्ड जात नाही. फक्त इतरांना जे मिळायचं ते मिळू द्यायचं नाही. त्याचे ढोबळ दोन प्रकार. एक पुराचा. जुलै २०१६ मध्ये मुंबईतल्या इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांवर असा पूर सोडला गेला होता. सेकंदाला २०० गिगाबिटपर्यंत निरर्थक माहितीचा लोंढा आल्याचं तेव्हा छापून आलं, गुन्हाही नोंदला गेला. पूर नेहमी दुष्टांचाच असतो असंही नाही. १६ जुलै २०२१ ला दहावीचा निकाल लागला. कोरोनामुळे परीक्षा झालीच नव्हती, ९९.९५ टक्के मुलं पास, म्हणजे निकालात उत्कंठा अशी कमीच. तरी दुपारी एक वाजता सगळ्या महाराष्ट्रानं एकदम दार ठोठावलं आणि निकालाची संकेतस्थळं कित्येक तास उघडेनात. शेजारची मुलगी मोबाइल हातात धरून दर मिनिटाला तेच पान उघडत होती. मी तिला म्हटलं, "अगं, थोडा दम धर." "काकू, सगळे दम धरतील तेव्हा मी धरते," म्हणाली. पास झालेल्या मुलांनीच स्वतःचा निकाल अडवून धरला होता, आणि त्यात दोष म्हणाल तर एकाही मुलाचा नव्हता.

पण पुराबद्दल मला फारसं सांगायचं नाही. धरणाच्या भिंतीखाली राहणाऱ्याला पूर समजावावा लागत नाही. मला रुचला, आणि ज्यानं झोप उडवली, तो दुसरा प्रकार. त्यात लोंढा लागत नाही. एकच माणूस, एकच चिठ्ठी. पण चिठ्ठी अशी लिहायची की वाचणारा वाचतावाचताच कोसळला पाहिजे. प्रोग्रॅम लिहिताना राहून गेलेली अशी फट म्हणजे दोष, आणि प्रॉक्सीत अशी फट निघाली तर एका मागणाऱ्यामुळे मागचे सगळेच तहानेले राहतात.

हे समजायला पैठणकराला लांब जावं लागत नाही. नाथ गोदेवर स्नान करून परत येताना वाटेत बसलेला एक जण त्यांच्या अंगावर पानाची पिचकारी टाकतो. नाथ माघारी वळतात, पुन्हा स्नान करतात. तो पुन्हा थुंकतो. असं एकशेआठ वेळा. ही गोष्ट मी वर्गात किती वेळा सांगितली असेल कोण जाणे, आणि प्रत्येक वेळी क्षमाशीलतेची म्हणूनच सांगितली. पण माझ्या त्या विद्यार्थ्याशी बोलल्यापासून मला तिच्यातला हिशेब दिसायला लागलाय. थुंकायला किती कष्ट? पान तोंडात आहेच, मान वळवली की झालं. आणि स्नानाला? उतरा घाटाच्या पायऱ्या, बुडी मारा, वस्त्रं पिळा, पुन्हा चढा. त्या पायऱ्या मी या गुडघ्यांनी चढलेय, मला विचारा. एकाचा अर्धा क्षण आणि दुसऱ्याची अर्धी घटका. ज्याचं काम स्वस्त तो बसल्याजागी ज्याचं काम महाग त्याला दमवू शकतो. ही सगळी हल्ल्याची विद्या या एका हिशेबावर उभी आहे.

२००९ मध्ये 'स्लोलोरिस' नावाची एक क्लृप्ती निघाली, रॉबर्ट हॅन्सन नावाच्या सुरक्षातज्ज्ञानं दाखवलेली. लोरिस हा अगदी हळूहळू हालचाल करणारा प्राणी, त्यावरून नाव. पोस्टाच्या खिडकीवर एखादे आजोबा उभे राहतात, पिशवीतून पुडकं काढतात, पुडक्यातून पाकीट, पाकिटातून एक नाणं, "थांबा हं, अजून एक आहे"... मागे रांग मारुतीच्या देवळापर्यंत. आजोबा निदान भाबडे असतात. इथे कुणीतरी मुद्दाम शेकडो खिडक्यांवर एकाच वेळी असं उभं राहतं. मागणी अर्धी सांगायची, थोड्या वेळानं आणखी एक ओळ, मग आणखी एक. मागणी कधी पुरीच करायची नाही. खिडकीवरचा कारकून सौजन्यानं वाट बघत राहतो. साध्या घरगुती जोडणीवरूनसुद्धा हे करता येई.

आणि याच्या अगदी उलट, घाईचा प्रकार २०२३ मध्ये आला. चहाच्या टपरीवर जाऊन "एक कटिंग" म्हणायचं आणि चहावाल्यानं आधण ठेवताक्षणी "नको" म्हणायचं, लगेच पुन्हा "एक कटिंग". २०१५ साली संकेतस्थळांच्या बोलण्याचे जे नवे नियम ठरले, त्यात एका वेळी किती मागण्या उघड्या ठेवायच्या याला मर्यादा घालता येत होती. पण रद्द केलेली मागणी उघडी धरायची नाही, असाही नियम होता. म्हणजे हल्लेखोर कागदोपत्री कधीच मर्यादेबाहेर जात नव्हता! आधण मात्र चहावाल्याचं जात होतं. यातल्या एका हल्ल्यात गूगलनं सेकंदाला ३९ कोटी ८० लाख मागण्या मोजल्या. क्लाउडफ्लेअर या कंपनीनं मोजल्या २० कोटी १० लाख, आणि त्या करणारी यंत्रं होती अवघी २०,००० च्या आसपास. ही कंपनी म्हणजे जगातल्या कित्येक संकेतस्थळांच्या दाराशी उभा असलेला प्रॉक्सीच, म्हणजे घरच्यांसाठी बाहेर जाणारा नव्हे, बाहेरून येणाऱ्यांना सामोरा जाणारा. त्यांच्याही काही गिऱ्हाइकांच्या संकेतस्थळांवर तेव्हा चुकीचे संदेश दिसले. १० ऑक्टोबर २०२३ ला हे सगळं जाहीर झालं.

नेमक्या त्याच आठवड्यात आपल्या स्क्विडचीही यादी लागली, आणि माझ्या विद्यार्थ्याच्या घरी रात्रीचे दिवे जळायला लागले.

झालं होतं असं. जोशुआ रॉजर्स नावाच्या एका संशोधकानं २०२१ च्या सुरुवातीला स्क्विडचा कसून तपास केला. स्वतः ओळ न् ओळ वाचली, शिवाय यंत्राकरवी त्यावर वेड्यावाकड्या मागण्यांचा मारा करून बघितला. ५५ दोष सापडले. ते त्यानं स्क्विड सांभाळणाऱ्यांना कळवले आणि थांबला. अडीच वर्षं थांबला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यानं सगळी यादी उघड केली तेव्हा त्यातले ३५ तसेच होते. पण त्यानं सांभाळणाऱ्यांना शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी मदतच केली, पण माणसं तोकडी आहेत, साधनं नाहीत, असं स्वच्छ लिहिलं. आणि त्याच लेखात असंही, की असे २५ लाखांहून अधिक प्रॉक्सी जगात उघड्यावर दिसतात.

या यादीतला एक दोष ऐकून मी पोट धरून हसले, कारण तो अस्सल सरकारी दोष आहे. मागणी जेव्हा एका प्रॉक्सीकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाते, तेव्हा प्रत्येक जण तिच्या कपाळावर 'अमक्याच्या मार्फत' अशी नोंद करत जातो. आपला रजेचा अर्ज जायचा तसाच. मुख्याध्यापकांमार्फत, केंद्रप्रमुखांमार्फत, गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत... स्क्विडला तसं सांगून ठेवलेलं असेल, तर तो ही साखळी शेवटापासून मागे मागे तपासत जातो. हा विश्वासातला आहे का, बरं, याच्या आधीचा? त्याच्या आधीचा? आणि प्रत्येक पायरीवर आधीची फाइल बंद न करता तिच्यावरच नवी उघडतो. कुणीतरी मुद्दाम हजारो मार्फतींची खोटी साखळी लिहून पाठवली, की टेबलावर फायलींचा ढीग छताला लागतो आणि टेबल मोडतं. किती जणांमार्फत आलं की पुरे, हे कुणी ठरवलंच नव्हतं. २.६ सारख्या जुन्या आवृत्तीपासून थेट ६.५ पर्यंत हा दोष त्यात बसून होता. डिसेंबर २०२३ मध्ये ६.६ ही आवृत्ती आली तेव्हा उपाय झाला. उपाय काय, तर ठरावीक हातांपलीकडे साखळी मोजायची नाही. एवढंच!

दुसरे बरेच दोष एकाच घराण्यातले. प्रोग्रॅम लिहिणारा ठिकठिकाणी स्वतःला बजावून ठेवतो, 'इथे हा आकडा कधीच उणे असणार नाही, असला तर जागच्या जागी सगळं थांबव.' हेतू चांगला. काहीतरी भयंकर बिघडलंय, तर पुढे गेल्यानं आणखी बिघडेल. पण बाहेरच्या कुणीतरी तो आकडा उणे पाठवायची युक्ती काढली तर? पर्यवेक्षकाला एका मुलाच्या उत्तरपत्रिकेवर चमत्कारिक खूण दिसली आणि त्यानं सगळं परीक्षा केंद्रच बंद करून मुलांना घरी पाठवलं, तसा प्रकार. स्क्विड पुन्हा सुरू करता येतो, पण तीच उत्तरपत्रिका पुन्हा आली की पुन्हा केंद्र बंद. एकशेआठ वेळा.

आता जरा स्पष्ट बोलते. आपल्याकडे सोशिकपणाचं फार कौतुक. नाथांच्या गोष्टीतही थुंकणारा शेवटी शरमतो, पाया पडतो, आणि ऐकणाऱ्यांना बरं वाटतं. पण ही जी चार-दोन माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून रात्री हा प्रोग्रॅम दुरुस्त करतात, त्यांच्याकडून नाथांचा सोशिकपणा मागायचा अधिकार कुणाला आहे? त्यांच्या श्रमावर कचेऱ्या चालल्या, कंपन्या चालल्या, त्यावर पेट्या तयार करून विकल्याही गेल्या. दोष निघाले की सगळे बोट त्यांच्याकडे दाखवायला मोकळे. मला यात आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा सेक्रेटरी दिसतो. बिनपगारी, आणि पाणी गेलं की पहिली शिवी त्याला.

रॉजर्सनं यादी उघड केली हे बरोबर की चूक, यावर माझा विद्यार्थी आणि मी तासभर भांडलो. तो म्हणाला, "बाई, कुलूप तुटकं आहे हे चोरालाही कळलं ना!" मी म्हटलं, चोराला कुलूप तुटकं असल्याचं कळायला नोटीस लागत नाही रे, घरमालकाला लागते. अडीच वर्षं वाट पाहिल्यावर आणखी किती? नापासांची यादी फळ्यावर लावणं मला कधीच आवडलं नाही, पण इथे नापास कोण होतं ते बघ. ज्यांनी फुकट वापरलं आणि मदतीला आले नाहीत, ते. त्याला ते पूर्ण पटलं असं नाही. त्याच्या बाजूनं बघितलं तर त्याचंही खरं होतं. ५५ जणांची यादी वाचून त्याला त्या रात्री ठरवायचं होतं की सकाळी सात वाजता मुलं परीक्षेचे अर्ज भरायला बसतील तेव्हा प्रॉक्सी चालू ठेवायचा की बंद. चालू ठेवला तर कुणीही एका चिठ्ठीत पाडू शकेल, बंद ठेवला तर हल्लेखोराचं काम त्यानं स्वतःच केल्यासारखं.

त्यानं मधला मार्ग काढला. बाहेरून कुणाला प्रॉक्सीशी बोलता येणार नाही, फक्त कॉलेजातल्या यंत्रांना येईल, अशी दारं लावली. प्रत्येक यंत्रानं एका वेळी किती मागायचं, अर्धवट मागणी किती वेळ ऐकून घ्यायची, यावर मर्यादा घातल्या. पाडणारा आता कुणी असलाच तर आपल्याच मुलांपैकी, आणि मुलांना मी ओळखतो, म्हणाला. मग नव्या आवृत्त्या येतील तशा चढवत गेला. दुरुस्त्या येत राहिल्या, काही लवकर, काही उशिरा. आणि त्यातल्या कित्येक दुरुस्त्या म्हणजे नवं काही लिहिणं नव्हतंच, जुनं काढून टाकणं होतं. २०२४ मध्ये अशीच एक सोय, पानाचे तुकडे जोडून देण्याची, ६.१० या आवृत्तीत मुळातच बंद करून टाकली गेली. ज्याला हवी त्यानं मुद्दाम चालू करावी.

यातलं सगळ्यात जुनं निघालं ते 'गोफर'. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात निघालेली ही आंतरजालावरची पद्धत. आजचं वेब रुळायच्या आधी लोक तिच्यातून माहिती शोधत. वेब आलं, गोफर मागे पडलं, पण स्क्विडमध्ये त्याचं दार तसंच उघडं राहिलं, न सांगता, कायम. त्या दारातून आलेल्या उत्तरावर स्क्विड कोसळू शकत होता, आणि कोसळवायला दुष्ट हेतूही लागत नव्हता. एखादा साधाभोळा गोफर सर्व्हरसुद्धा नकळत ते करू शकला असता. सहाव्या आवृत्तीत ते दारच विटांनी बुजवलं.

माझ्या विद्यार्थ्यानं म्हणे हौसेनं जुन्या नोंदी काढून बघितल्या की त्या दारानं कॉलेजातलं कुणी कधी गेलं होतं का. एकही नाही. "बाई, इतकी वर्षं मी त्या दारावर पहारा करत होतो," तो सांगत होता, "आणि मला ते दार आहे हेच माहीत नव्हतं." मी विचारलं, गोफर म्हणजे नक्की काय रे? तर म्हणतो, "तुमच्या काळातलं काहीतरी असावं, बाई." आमच्या काळात पोस्टातून तार करायचे, बाबा, म्हटलं, आणि त्याच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली.